पोकळीची आपोआप घडण

लखनौच्या अमीनाबाद बाजारात मिळणारा चिकनचा कुर्ता दुकानात येण्यापूर्वी अनेक हातांतून गेलेला असतो. कापडावर प्रथम लाकडी ठशांनी नक्षी उमटवितात, तीवर भरतकाम करतात आणि शेवटी ते धोब्याकडे जाते. तेथे कापडावरील तेलकट मळ साबणाने निघतो. साबणाच्या रेणूचे डोके पाण्याशी सलगी करते, तर त्याची लांब शेपटी पाणी टाळते. पुरेसे रेणू जमले म्हणजे शेपट्या आत व डोकी बाहेर अशा सूक्ष्म गोळ्या बनतात. तेलाचा अंश त्यांच्या पोटात शिरतो व पाण्याबरोबर वाहून जातो. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. त्या कोणी वळीत नाही. आपल्या आपणच त्या जुळून येतात. या क्रियेस स्वयंरचना असे नाव आहे.

हाच गुण मोठ्या रेणूंच्या ठायीही आणता येतो. लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी म्हणजे बहुवारिक. दोन भिन्न बहुवारिकांच्या साखळ्या टोकाला टोक लावून जोडल्या की खंड-सहबहुवारिक मिळते. त्याचा एक खंड जलस्नेही व दुसरा जलद्वेषी असू शकतो. खंडांची लांबी काटेकोरपणे ठरविण्याची वाट मायकेल श्वार्त्स यांच्या १९५६ मधील संशोधनाने मोकळी झाली.

पाण्यात कोणता आकार घडेल हे मुख्यतः दोन खंडांच्या प्रमाणावर अवलंबून असते. जलस्नेही खंड लांब असल्यास बाहेरच्या बाजूस दाटी होते, पृष्ठभाग अधिक वाकतो आणि भरीव गोळी बनते. तो खंड आखूड करीत गेल्यास प्रथम दांड्या व नंतर दुपदरी पापुद्रे मिळतात. पापुद्र्याच्या कडेला मात्र जलद्वेषी खंड पाण्यात उघडे पडतात. ही कड नाहीशी व्हावी म्हणून पापुद्रा वाकतो व स्वतःवरच मिटतो. मोदकाची पारी मिटविण्यास बोटे लागतात. येथे ते काम पाण्याविषयीचा दुरावाच करतो. अशा रीतीने पोकळ पुटिका तयार होते.

१९९५ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात लिफेंग झांग व आदी आयझेनबर्ग यांनी पॉलिस्टायरीन आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्या जोडसाखळ्यांपासून हे आकार एकामागून एक घडवून दाखविले. साखळ्या प्रथम दोन्ही खंडांना मानवणाऱ्या द्रावकात विरघळवून त्यात हळूहळू पाणी मिसळतात. पाण्याचे प्रमाण व मिसळण्याची गती बदलली की आकारही बदलू शकतो. एकीत एक बसलेल्या पुटिका, पोकळ नळ्या, अनेक कप्प्यांचे गोळे अशा गुंतागुंतीच्या रचनाही मिळाल्या आहेत.

या पोकळीचे महत्त्व काय, याचे उत्तर लखनौमध्येच सापडते. अमीनाबादपासून फार दूर नसलेल्या छत्तर मंझिल या जुन्या वास्तूत १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. काला आजाराचे परजीवी शरीरातील भक्षक पेशींच्या आत दडून बसतात. या संस्थेतील सी. एम. गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्निग्ध रेणूंच्या पुटिकांवर, म्हणजे लायपोसोमांवर, टफ्ट्सिन हे चार ॲमिनो आम्लांचे पेप्टाइड बसविले. भक्षक पेशी टफ्ट्सिनला ओळखतात. म्हणून औषध नेमके शत्रूच्या घरात पोहोचू शकते. प्राण्यांवरील या प्रयोगांचा वृत्तांत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲम्फोटेरिसिन बी हे औषध मूत्रपिंडांना इजा करते. लायपोसोमात भरल्यास ती इजा बरीच कमी होते. २०२१ मध्ये काळ्या बुरशीची साथ पसरली, तेव्हा याच औषधासाठी महाराष्ट्रातील रुग्णांच्या नातेवाइकांनी किती वणवण केली हे वाचकांस आठवत असेल.

लायपोसोमाचे पटल नाजूक असते. १९९९ मध्ये अमेरिकेत घडविलेल्या बहुवारिक पुटिकांचे पटल सुमारे ८ नॅनोमीटर जाडीचे व स्निग्ध पटलाहून कितीतरी चिवट आढळले. त्यातून पाणीही निदान १० पट कमी झिरपत होते. परंतु चिवटपणा हा दुधारी गुण आहे. जी पुटिका फुटतच नाही ती औषध देणार कसे? आणि रिकामे कवच शरीराबाहेर जाणार कसे? म्हणून शरीरात विघटन पावणाऱ्या पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या बहुवारिकांचा वापर करण्याकडे संशोधकांचा कल आहे. पोकळी आपोआप घडते खरी, पण ती योग्य स्थळी व योग्य वेळी उघडावी याची तरतूद रेणू रचतानाच करावी लागते.