ऑक्टेव्ह बसवताना

कंट्रोल सिस्टिम्सच्या सबमिशनला एक रात्र उरली होती आणि माझ्या रूम पार्टनरने कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून मॅटलॅबची ‘क्रॅक’ कॉपी लॅपटॉपवर टाकली. मॅटलॅब चालू झालंच नाही. व्हायरस मात्र आला आणि दहाही प्रॅक्टिकल्सच्या फाइल्स उघडायच्या बंद झाल्या. रात्रीचे साडेदहा, लॅबला कुलूप. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं आणि मग ग्नू ऑक्टेव्ह बसवायला घेतलं. त्या रात्री जे शिकलो ते लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या बॅचची झोप वाचेल.

ऑक्टेव्ह म्हटलं की आपल्याला सप्तक आठवतं. पण संगीताशी याचा काही संबंध नाही. जॉन ईटन यांनी १९९२ साली हे लिहायला घेतलं आणि आपल्या एका प्रोफेसरांचं, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं नाव दिलं. केमिकलच्या पोरांना हे नाव सांगायला नको, रिअॅक्शन इंजिनीअरिंगचं ते जाडजूड पुस्तक यांचंच!

विंडोजवर काम सोपं. इन्स्टॉलर काहीशे एमबीचा आहे, तेव्हा हॉस्टेलच्या नेटवर प्रत्येकाने वेगळा उतरवू नका. एकाने उतरवून पेन ड्राइव्हवरून फिरवा. याचं लायसन्स तशी पूर्ण मुभा देतं. फक्त मूळ साइटवरूनच घ्या. फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको, सरळ सी ड्राइव्हवर ‘ऑक्टेव्ह’ फोल्डर करा.

बसलं. मी ट्रान्स्फर फंक्शनची ‘टीएफ’ कमांड दिली, तर उत्तर आलं, ‘टीएफ अनडिफाइन्ड’. वाटलं, इन्स्टॉलेशन गंडलं. काढलं, परत टाकलं. असं तीनदा! रात्रीचा एक वाजला. शेवटी मॅन्युअल उघडलं (जे आधी उघडायचं असतं) तेव्हा कळलं की टीएफ, बोडे वगैरे मंडळी मूळ ऑक्टेव्हमध्ये नाहीतच, ती ‘कंट्रोल’ नावाच्या वेगळ्या पॅकेजात आहेत. विंडोजच्या इन्स्टॉलरमधून ते पॅकेज येतं, पण झोपलेलं असतं. दर वेळी ‘पीकेजी लोड कंट्रोल’ म्हणून उठवावं लागतं. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर होम फोल्डरमधल्या ‘डॉट ऑक्टेव्हआरसी’ फाइलमध्ये ही ओळ टाका.

शेजारच्या रूममधल्याकडे उबुंटू. त्याचं ऑक्टेव्ह ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ऑक्टेव्ह’ या एका ओळीत बसलं, पण लोड करायला गेला तर पॅकेजच नाही! तिथे ‘ऑक्टेव्ह-कंट्रोल’ वेगळं बसवावं लागतं, तेही एपीटीनेच. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. मॅकवर ‘ब्रू इन्स्टॉल ऑक्टेव्ह’. कंट्रोल पॅकेज तिथे ऑक्टेव्हमधूनच बसवायचं. ते जाग्यावर कंपाइल होतं, चहा पिऊन या.

बसलं की नाही, हे आकडे देऊन तपासा. दोन एक्स अधिक वाय बरोबर ३, आणि एक्स अधिक तीन वाय बरोबर ५. मॅट्रिक्स करून उलट्या तिरप्या रेघेने भागा, ०.८ आणि १.४ आलं पाहिजे. मग एक भागिले (एस वर्ग अधिक एस अधिक एक) याचा स्टेप रिस्पॉन्स काढा. शिखर साधारण ३.६ सेकंदांना, १.१६ च्या आसपास. ग्राफची खिडकी कोरी दिसली तर ग्राफिक्स टूलकिट बदलून ‘ग्नूप्लॉट’ करून बघा.

आणखी एक मूर्खपणा माझ्याच नावावर. मी फाइलला ‘स्टेप डॉट एम’ नाव दिलं. ऑक्टेव्हने खरं स्टेप फंक्शन सोडून माझीच फाइल चालवली! कमांडचं नाव फाइलला देऊ नका. प्रोग्राम लॅबच्या मॅटलॅबवरही चालायला हवा असेल तर कॉमेंटला टक्केचं चिन्ह आणि लूप संपवायला नुसतं ‘एंड’ वापरा. हॅशचं चिन्ह आणि ‘एंडइफ’ फक्त ऑक्टेव्हला समजतं.

सिमुलिंकसारखं ब्लॉक डायग्रामचं काम मात्र ऑक्टेव्हमध्ये होत नाही. त्यासाठी सायलॅबमधलं एक्सकॉस बघा. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सायलॅबवर बरंच काम केलंय.

पहाटे साडेपाचला दहावं प्रॅक्टिकल संपलं. व्हायवाला सरांनी पहिल्याच ग्राफवर एक्स अक्षाचं नाव नाही म्हणून एक मार्क कापला. सॉफ्टवेअर कुठलं, हे विचारलंसुद्धा नाही.