वाकणे, लवणे, ओणवणे : देह खाली नेण्याच्या क्रियापदांची निवड

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणाऱ्या विद्यार्थ्यास 'स्टूप', 'बो', 'नील', 'क्राउच', 'स्क्वॉट' ही क्रियापदे भेटली, की तो बहुधा 'वाकणे' आणि 'खाली बसणे' या दोहोंवर सर्व भार टाकून मोकळा होतो. 'बो'चा अपवाद सोडला, तर इंग्रजीतील हा भेद प्रामुख्याने सांध्यांवर उभा आहे : पाठ वाकते की गुडघा भुईस लागतो, एवढेच तेथे पाहिले जाते. मराठीत देह किती खाली गेला याहून तो कोणापुढे आणि कशासाठी खाली गेला, यावर क्रियापदाची निवड अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कारंजा लाडच्या परिसरातील कपाशीचे शेत उदाहरणादाखल घ्यावे. वेचणी करणारी बाई वाकून कापूस वेचते. निंदण करणारी उकिडवी बसून पुढे सरकते. 'लवून कापूस वेचला' असे कोणी म्हणणार नाही. तीच बाई गावातील नृसिंह सरस्वतींच्या गुरुमंदिरात गेली की 'डोके टेकते', 'दंडवत घालते'. 'वाकून नमस्कार' हा प्रयोग रूढ आहे हे खरे. परंतु त्यातील आदर नमस्काराचा, 'वाकून' हे केवळ कमरेचे वर्णन. नमस्कार वगळून नुसते 'तो त्यांच्यापुढे वाकला' असे लिहिले, की आदर जाऊन शरणागती उरते. 'मोडेन पण वाकणार नाही' या बाण्याचे बळ याच छटेत आहे.

व्युत्पत्तीही हेच सुचविते. 'वाकणे'च्या मुळाशी वक्रता आहे. सरळ होते ते वाकडे झाले. 'ओणवणे' हे 'अव' उपसर्गासह 'नम्' धातूकडे जाते. 'लवणे'ही त्याच धातूचे, 'निंब'चे 'लिंब' व्हावे तसे नकाराचा लकार होऊन आलेले. एकाच कुळातील ही दोन भावंडे. पण ओणवे उभे राहणे ही शाळेतील शिक्षा ठरली आणि लवणे फळभारल्या फांदीच्या व पापणीच्या वाट्यास आले. मधल्या प्राकृत-अपभ्रंश अवस्थेच्या अभ्यासाला कारंज्यातील जैन ग्रंथभांडारांनी मोठे साहाय्य केले. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेतच निघाले. मराठीच्या विद्यार्थ्याने अशा ग्रंथांच्या शब्दसूची कोशाइतक्याच जवळ ठेवाव्यात.

खरी कसोटी 'नील'ची. 'टेकणे' हे क्रियापद अवयवागणिक अर्थ बदलते : माथा टेकला तर भक्ती, हात टेकले तर हतबलता, गुडघे टेकले तर पराभव. त्यामुळे प्रार्थनेस बसलेल्या स्त्रीविषयी 'तिने गुडघे टेकले' असे लिहिणारा अनुवादक नकळत तिला हरवून टाकतो. मराठी ख्रिस्ती समाजाने यातून वाट काढली आहे. 'गुडघे टेकून प्रार्थना केली' असे म्हणताना 'टेकून' हे अव्ययरूप क्रियेला शारीरिक अर्थापुरते बांधून ठेवते आणि मुख्य अर्थ प्रार्थनेकडे जातो. येथे निवड शब्दाची नसून रूपाची आहे. आपल्या व्याकरणांतून तिचा विचार क्वचितच आढळतो.

'स्क्वॉट'ला 'उकिडवे बसणे' नेमके बसते. 'क्राउच'ला मात्र एकच प्रतिशब्द शोधू नये. वाघ दबा धरतो. भ्यालेले मूल अंग चोरून बसते.