चाचणीची मोजणी

नाशिक शहरात अंबड आहे. तेथे विजेचे सामान बनवणारे कारखाने आहेत. माल बाहेर जाण्याआधी त्याची चाचणी होते. आतली वीज अंगाला लागली तर माणूस दगावेल. म्हणून प्रत्येक चाचणी लिहून ठेवतात. माल कोणत्या मशीनवरचा? पास की नापास?

अशा १००० नोंदी बोटांवर कशा मोजाव्या? आपण संगणकाला हुकूम लिहून देऊ. त्याला प्रोग्राम म्हणतात. 'ओळ वाच. नापास असेल तर एक मिळव. पुढची ओळ घे.' ओळी संपल्या की आकडा तयार!

पण संगणक भोळा बरं का. कुणी 'नापास'ऐवजी 'फेल' लिहिले, तर ती ओळ तो मोजतच नाही. म्हणून शब्द एकच ठरवू.

मग मशीनवार मोजू. शंभरात नापास किती? ज्या मशीनचा आकडा जास्त, ते आधी उघडून बघू.