वेदना: एक दुर्लक्षित नेमत

अल्लाहच्या नेमती मोजू लागलो की डोळे आणि कान आपल्याला प्रथम आठवतात. पवित्र कुरआनातही (सूरह अन-नहल, आयत 78) काहीच न जाणता जन्माला आलेल्या माणसाला श्रवण, दृष्टी व अंतःकरण दिल्याचा उल्लेख आहे. वेदनेला मात्र नेमत म्हणायला जीभ धजावत नाही.

तापलेल्या तव्याला बोट लागते तेव्हा काय घडते ते पाहा. त्वचेतील मज्जातंतूंची टोके धोक्याचा संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे धाडतात. मज्जारज्जू मेंदूची वाट पाहत बसत नाही. तो तेथूनच स्नायूंना आज्ञा देतो आणि हात मागे येतो. ‘भाजले’ ही जाणीव नंतरची. तीही दोन टप्प्यांत येते. तीव्र कळ वाहणारे तंतू संदेश सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने नेतात, तर आग व ठणका वाहणारे बारीक तंतू जेमतेम एक मीटरच्या आसपास. ठेच लागल्यावर आधी कळ आणि मागाहून ठणका येतो, तो यामुळेच.

क्वचित एखादे मूल वेदनेच्या जाणिवेविनाच जन्मते. असे मूल स्वतःची जीभ चावून रक्तबंबाळ करते, मोडलेल्या हाडावर चालत राहते. हा प्रकार अतिशय दुर्मीळ. पण त्याची सौम्य आवृत्ती आपल्या कित्येक घरांत नांदते आहे. तिचे नाव मधुमेह.

वर्षानुवर्षे वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते, आणि सर्वांत लांब तंतू आधी बळी पडतात. म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून वर चढते. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. मग एक दिवस वडीलधारे समाधानाने सांगतात, “आता पाय दुखत नाहीत.” घरातले शुक्र अदा करतात. वस्तुतः हीच घाबरण्याची वेळ असू शकते, कारण तंतूंनी खबर देणेच थांबवलेले असते. चपलेतला खडा दिवसभर टोचतो, जखम होते, चिघळते आणि कळत नाही. पाय कापण्याची पाळी पुष्कळदा अशाच क्षुल्लक जखमेतून येते.

वुजूच्या निमित्ताने आपण पाय धुतोच. मधुमेही व्यक्तीने दिवसातून एकदा तरी त्या वेळी तळवा उलटा करून पाहावा. दिसत नसल्यास आरसा धरावा किंवा मुलाला पाहायला सांगावे. बोटांमधून खिलाल केल्यानंतर त्या फटी कोरड्या पुसाव्यात, ओल राहिली की बुरशी धरते. मोज्यांवर मसह करण्याची सवलत आहे, परंतु त्या काळात पाऊल झाकलेले राहते हे विसरू नये. रात्री मोजे काढून पाऊल पाहावेच. स्नानाच्या पाण्याची ऊब बधिर पायाने अजमावू नये, कोपराने किंवा घरातील दुसऱ्याच्या हाताने अजमावावी. हज-उमराहच्या प्रवासात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने तळवे भाजतात आणि मधुमेहींना ते खोलीवर परतल्यावर, फोड दिसल्यावर समजते.

डॉक्टरांकडे नायलॉनचा एक बारीक धागा असतो. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की साधारण 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो जाणवला नाही, तर पाऊल धोक्यात आहे असे समजतात. तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती वर्षातून एकदा तरी करवून घ्यावी, पाय दुखत असोत वा नसोत.