तो पुढच्या महिन्यात जातोय

प्रश्न : सहा वर्षं आम्ही दोघं एकाच खोलीत राहतोय. आता तो नोकरीसाठी जर्मनीला चाललाय. माझं त्याच्यावर प्रेम आहे, पण मी पुरुष, तोही पुरुष. कधी बोललोच नाही. झोप उडाली आहे.

उत्तर : हे विरहाचं दुःख आहे, आजार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्काही पुसला. बोलण्याने तुमच्या घरी किंवा कामावर बभ्रा होण्याची भीती नसेल, तर जरूर बोला. मात्र विमानतळावरच्या घाईत नको. आधीच एखाद्या निवांत संध्याकाळी. ‘उत्तर दिलंच पाहिजे असं नाही,’ हेही त्याला सांगा. बोलायचं नसेल, तर न पाठवण्यासाठी का होईना, पत्र लिहा. झोप परतली नाही, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.