केसरबाईंचा सूर आणि व्हॉयेजरचा प्रवास

अवकाश संशोधनाचा विषय निघाला की रॉकेट, उपग्रह आणि चंद्रावर उमटलेली पावले डोळ्यांपुढे येतात. आम्ही मात्र या लेखासाठी व्हॉयेजर ही जोडमोहीम निवडली आहे. तिच्यात विज्ञान आणि लोकसंस्कृती एकमेकांत इतकी मिसळली आहेत की एकीला वगळून दुसरी नीट समजत नाही. शिवाय त्या मोहिमेत मराठी भाषेचा आणि गोमंतकातील एका थोर गायिकेचा वाटा आहे.

गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार ग्रह साधारणपणे १७६ वर्षांतून एकदा अशा मांडणीत येतात, की एकच यान चौघांच्या जवळून जाऊ शकते. ही संधी १९७० च्या दशकाच्या अखेरीस येत होती. एवढ्या दूरवर पोहोचण्यास पुरेल इतके इंधन यानात भरणे शक्य नव्हते. तेव्हा वेग ग्रहांकडूनच घ्यायचा, असे ठरले. सूर्याभोवती धावणाऱ्या ग्रहाच्या मागील बाजूने यान जवळून गेले, तर ते त्याच्या गुरुत्वाकर्षणाने वळते आणि ग्रहाच्या गतीचा अंश घेऊन बाहेर पडते. पुढे सरकणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू अधिक वेगाने परततो, तसाच हा प्रकार. ग्रहाचा वेगही किंचित घटतो, परंतु त्याचे वस्तुमान एवढे प्रचंड असते की ती घट नगण्य ठरते.

व्हॉयेजर २ हे २० ऑगस्ट १९७७ रोजी आणि व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. क्रमांकाने दुसरे यान आधी सुटले, याचे मुलांना नेहमी नवल वाटते. पहिले यान अधिक वेगवान मार्गाने जाणार असल्याने गुरूपाशी तेच आधी पोहोचणार होते. मार्च १९७९ मध्ये त्याने घेतलेल्या एका छायाचित्रात गुरूच्या आयो या उपग्रहाच्या कडेवर छत्रीच्या आकाराचा धुरकट फुगवटा दिसला. लिंडा मोराबिटो या अभियंतीने तो हेरला. तो जिवंत ज्वालामुखीचा फवारा होता. पृथ्वीबाहेर जागृत ज्वालामुखी प्रथमच आढळला आणि उपग्रह म्हणजे थंड, मृत खडक ही समजूत मागे पडली. व्हॉयेजर २ पुढे १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले. या दोन ग्रहांपर्यंत आजवर दुसरे कोणतेही यान गेलेले नाही.

या शोधांची छाया पडद्यावरही लवकरच पडली. १९७९ च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाची कथा एका काल्पनिक ‘व्हॉयेजर ६’ भोवती फिरते. परंतु जनमानसावर खरा ठसा उमटवला तो १४ फेब्रुवारी १९९० च्या एका छायाचित्राने. कार्ल सेगन यांच्या आग्रहावरून व्हॉयेजर १ चा कॅमेरा सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वीकडे वळवण्यात आला. त्या चित्रात आपली पृथ्वी एका ठिपक्याएवढीही भरत नाही. मोजमापाच्या दृष्टीने त्या छायाचित्राचा उपयोग जवळजवळ शून्य होता. तरीही ते जगभर पोहोचले.

दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली, १२ इंच व्यासाची तांब्याची तबकडी बसवलेली आहे. सेगन यांच्या समितीने तिच्यात शंभराहून अधिक चित्रे, पृथ्वीवरील आवाज, ५५ भाषांतील अभिवादने आणि सुमारे ९० मिनिटांचे संगीत भरले. चित्रांत ताजमहाल आहे, भारतातील रस्त्यावरची गर्दीही आहे. अभिवादनांत हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू यांसह मराठीही आहे. पृथ्वीवरील लोकांच्या शुभविचारांबरोबर, ऐकणाऱ्याने या जन्मी धन्य व्हावे, अशी इच्छा एका स्त्रीच्या आवाजात त्यात व्यक्त झाली आहे. अन्य ताऱ्यावरील श्रोत्याला ‘जन्म’ या शब्दाचा अर्थ कोण समजावून सांगणार, हा प्रश्न आहेच. पण मराठी माणूस आशीर्वाद देतो तो असाच.

भाषांची ही निवड लोकसंख्या मोजून झालेली नव्हती. कोट्यवधींची तमिळ तीत नाही, काही लाखांची वेल्श आहे. सुमेरियन आणि हित्ती या लुप्त भाषा आहेत, मात्र संस्कृत नाही आणि पालीही नाही. पालीची उणीव आमच्या वाचकांना अधिक जाणवेल. वेळ थोडा होता आणि बरीचशी अभिवादने कॉर्नेल विद्यापीठाच्या परिसरात उपलब्ध झालेल्या भाषकांकडून घेण्यात आली. विद्यापीठाच्या आवारात कोण हजर आहे, यावर तेथून कोणाचे बोलणे बाहेर जाणार हे ठरले. घरातील पहिली पिढी म्हणून आमच्या वसतिगृहात शिकायला येणाऱ्या मुलांना आम्ही हे आवर्जून सांगतो.

संगीतात बाख आणि बेथोवन आहेत, चक बेरी आहेत, आणि भारतातर्फे आहेत केसरबाई केरकर. १८९२ साली गोव्यातील केरी या गावी, देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजात त्यांचा जन्म झाला. या समाजातील स्त्रियांचे गाणे ऐकायला प्रतिष्ठित मंडळी उत्सुक असत. त्या स्त्रियांना बरोबरीने वागवायला मात्र तयार नसत. केसरबाईंनी अनेक गुरूंकडे शिक्षण घेतले आणि १९२१ पासून उस्ताद अल्लादियाखाँ यांच्याकडे दीर्घकाळ कठोर तालीम केली. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या भैरवीतील ‘जात कहाँ हो’ या गाण्याची शिफारस संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केली. ती ध्वनिमुद्रिका सहजासहजी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले. तेव्हा त्यांचा आवाज घेतलेली दोन्ही याने पृथ्वी सोडून गेली होती.

२०१२ मध्ये व्हॉयेजर १ आणि २०१८ मध्ये व्हॉयेजर २ सौरवाऱ्याची सीमा ओलांडून आंतरतारकीय अवकाशात शिरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ कडून निरर्थक आकडे येऊ लागले. संगणकाच्या स्मृतीतील एक चिप निकामी झाली होती. अभियंत्यांनी त्या भागातील आज्ञावलीचे तुकडे करून ते उरलेल्या जागेत बसवले. संदेश जाण्यास साडेबावीस तास आणि उत्तर येण्यास तितकेच, अशा अंतरावरून केलेली ही दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये यशस्वी झाली. यानांची वीज दरवर्षी सुमारे चार वॅटने घटत असल्यामुळे उपकरणे एकेक करून बंद केली जात आहेत. तबकडीला त्या विजेची गरज नाही.

केसरबाईंचे हे गाणे जेमतेम साडेतीन मिनिटांचे आहे. ते आणि मराठी अभिवादन, दोन्ही इंटरनेटवर ऐकता येतात. पालकांनी मुलांसह ती एकदा शांतपणे ऐकावीत. आधी अभिवादन आणि मग भैरवी, हा क्रम आम्हांला अधिक भावतो.