अनुदान तळ्याला असतं, पाण्याला नसतं

शेततळं, विहीर, ठिबक, सौर पंप यांपैकी काहीही करू पाहणारा माणूस आमच्या जालना जिल्ह्यात भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सध्या कशाला अनुदान चालू आहे?" बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावात अशी माणसं कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, कारण या बहुतेक वाटांनी मी जाऊन आलो आहे. मी त्यांनाच विचारतो, तुमच्या विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं? याचं उत्तर ज्याला देता येत नाही त्याचा अर्ज मी त्या दिवशी भरायला घेत नाही. काहीजण रागावून जातात. जाऊ देत.

२०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा कुऱ्हाडीखाली गेल्या. आमचीही अर्धी बाग सरपण झाली, आणि उरलेली टँकरच्या पाण्यावर, म्हणजे खरं तर कर्जावर जगली. अशा माणसाला पाण्यासाठी कुणी काही देतो म्हटलं तर तो मागणारच. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. ५० हजारांपर्यंत अनुदान, आकार जास्तीत जास्त ३० बाय ३० बाय ३ मीटर. आम्ही मागितलं, मंजूर झालं, खोदलं.

ते पैसे खोदाईचे होते. आत अंथरायच्या प्लॅस्टिक कागदाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, असंच त्या योजनेत होतं. आमच्या रानात हातभर माती काढली की मुरूम लागतो, आणि मुरमात पाणी थांबत नाही. पहिल्या पावसाळ्यात तळं भरलं, पोरांनी काठावर उभं राहून फोटो काढले आणि दिवाळीच्या सुमाराला तळ दिसायला लागला. खालच्या अंगाच्या शेजाऱ्याच्या विहिरीला मात्र त्या वर्षी कधी नव्हे ते पाणी टिकलं. त्यानं आम्हाला पेढे दिले, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मग कागद. ५०० मायक्रॉनचा कागद एवढ्या तळ्याला घालायचा तर खर्च खोदाईच्या पुढे जातो. त्यासाठी फलोत्पादनाच्या योजनेतून अनुदान असतं, पण तो अर्ज वेगळा, मंजुरी वेगळी. म्हणून तळं मागायला आलेल्याला मी आधी खड्डा घ्यायला सांगतो. जिथं तळं करायचं तिथं पुरुषभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा आणि दोन दिवसांनी बघा. चिकण काळी माती खोलवर असेल तर कागदाशिवाय भागेल. मुरूम असेल तर कागदाची सोय झाल्याशिवाय यंत्र बोलावू नका. २०२२ नंतर शेततळ्याच्या अनुदानाची मर्यादा ७५ हजारांवर गेली, पण मुरूम काही बदललेला नाही.

कागद घातला की प्रश्न संपतो, असंही समजू नये. ३० मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. ऐकायला आकडा मोठा आहे. मे महिन्याच्या उन्हात आपल्याकडे दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जातं, म्हणजे भरलेल्या तळ्यातून रोज नऊ हजार लिटर वाऱ्यावर. आणि हे पाणी तळ्यात येतं कुठून? कागदाच्या तळ्याला चारी बाजूंनी बांध असतो, त्यात रानातलं वाहतं पाणी सहसा येतच नाही. विहिरीवर मोटार लावून ते भरावं लागतं. एकानं भरलं तर ठीक. शिवारातल्या सगळ्यांनी पाऊस संपल्यावर मोटारी लावल्या की विहिरी महिनाभर आधी तळ गाठतात. नवीन पाणी कुठेच तयार झालेलं नसतं, जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण वर आणून उन्हात ठेवलेलं असतं. भरायचंच तर विहीर तुडुंब असताना, ओढा वाहत असताना भरा, आणि परतीचा पाऊस गेला की मोटारीला हात लावू नका. आमच्या शिवारात हे ऐकणारे थोडे आहेत.

इथं कुणीतरी हटकून म्हणतं, "मग कडवंचीचं काय?" जालना तालुक्यातलं कडवंची शेततळ्यांसाठी आणि द्राक्षांसाठी राज्यभर माहीत आहे, बसगाड्या भरून शेतकरी बघायला जातात. पण तिथं आधी काय झालं ते बघायला कुणी थांबत नाही. १९९६ पासून पुढची पाच-सहा वर्षं मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीनं इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली. विजयअण्णा बोराडे यांनी त्यासाठी गाव एकत्र आणलं. समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बांध, असं सगळं. पाणी आधी जमिनीत मुरलं, तळी नंतर आली. आपण फक्त तळ्याचा फोटो घेऊन परततो.

विहिरीचंही सांगतो. रोजगार हमीतून सिंचन विहिरीला २०२२ मध्ये ४ लाखांपर्यंत रक्कम झाली, पुढे ती ५ लाखांवर गेली. सलग एक एकर जमीन लागते, पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटर लांब राहावं लागतं, आणि सातबाऱ्यावर आधीची विहीर नोंदलेली नसावी लागते. ही शेवटची अट घरोघरी आडवी येते. आजोबांच्या काळची सामाईक विहीर कधीच बुजलेली असते, पण नोंद तिन्ही भावांच्या सातबाऱ्यावर जिवंत. आधी तलाठ्याकडे जाऊन नोंद दुरुस्त करून घ्या. तसंच खातं सामाईक असेल तर भावांची संमतीपत्रं सुगीच्या आधीच गोळा करा. सुगीत भाऊ कामात असतात, आणि सुगीनंतर कधी कधी बोलत नसतात.

पैशाचं तर आधीच समजून घ्यावं. विहिरीची रक्कम कामाच्या टप्प्यानं येते. बाकी बहुतेक ठिकाणी आधी खर्च आपला, मग मोका पाहणी, मग रक्कम. पूर्वसंमती हातात पडण्याआधी ठिबकचा माल आणला तर तो अनुदानात बसत नाही, दुकानदार काहीही म्हणो. अल्पभूधारकाला ठिबकवर ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के म्हणतात, ते बिलाच्या नव्हे तर शासनानं ठरवलेल्या मापदंड खर्चाच्या टक्क्यांत असतं. लॅटरलमधल्या अंतराप्रमाणे तो मापदंड बदलतो. बिल त्याच्या वर गेलं तर वरचा सगळा भार आपला. त्यात अनुदान महिनोन्‌महिने थकतंही. म्हणून अनुदान उद्या येणार असं धरून सावकाराकडून उचल घेऊ नका. दीड वर्ष नाही आलं तरी घर चालेल एवढंच काम काढा, उरलेलं पुढच्या वर्षी.

सौर पंपाला सध्या मोठी मागणी आहे. १० टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. विजेच्या रात्रपाळीतून सुटका होते हे खरंच मोठं सुख आहे. पण या योजनेच्या नावानं खोटी संकेतस्थळं आणि खोटे फोन सर्रास चालतात. माझ्या पुतण्याला "आज पैसे भरा, नाहीतर नंबर जाईल" असा फोन आला होता. पलीकडच्याला त्याचा गट नंबरही माहीत होता. पुतण्यानं पैसे भरण्याआधी महावितरणच्या उपविभागात जाऊन विचारलं म्हणून वाचला. घाई करणारा फोन आला की तो ठेवून द्यावा आणि कार्यालय गाठावं.

तळं झालं त्याच आठवड्यात कुंपण घाला. रोही आणि रानडुकरं कागद फाडतात हे एक, पण कागदाच्या निसरड्या उतारावरून माणसालाही वर येता येत नाही. शेततळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. ट्रकची जुनी ट्यूब फुगवून काठावर बांधा. याला अनुदान शोधत बसू नका.

आणि रक्कम आली नाही म्हणून तालुक्याला खेटे घालण्याआधी आधार कोणत्या बँकेच्या खात्याला जोडलंय ते बघा. अर्जासोबत तुम्ही कोणतंही पासबुक द्या, थेट लाभाचा पैसा आधारला जोडलेल्या खात्यात पडतो. आमच्या भावकीतले एक काका ठिबकचे पैसे खाल्ले म्हणून वर्षभर साऱ्या खात्याला शिव्या देत होते. पैसे त्यांच्याच नावावर होते, रोजगार हमीच्या मजुरीसाठी कधीकाळी उघडलेल्या पोस्टाच्या खात्यात.